राजपुत्राच्या मापाचा टोपोर

मी टोपोर बोलतोय. बंगालात लग्नाच्या दिवशी नवरदेव डोक्यावर चढवतो ना, तो उंच, पांढराशुभ्र मुकुट. सध्या मुक्काम कपाटावर, एका मोडक्या पंख्याशेजारी. मान एवढा मोठा आणि जागा ही अशी! असो.

माझा जन्म नदिया जिल्ह्यातल्या माळाकारांच्या, म्हणजे लग्नाचे मुकुट करणाऱ्यांच्या, आळीत झाला. तळ्यात उगवणाऱ्या शोलाचा पांढरा गाभा कातरून सुबला मुकुट करायची आणि हात चालू असताना लेकीला, झुमुरला, गोष्टी सांगायची. राजपुत्र सात समुद्र ओलांडून येतो, राक्षसाला मारतो, झोपलेल्या राजकन्येला जागं करतो, लग्न होतं. लग्न लागलं की सुबला सुरी ठेवून चुलीकडे जायची. तिचा स्वतःचा नवरा कामाला म्हणून आसामात गेला, तो तिकडचाच झाला. मग ही बाई रोज राजपुत्र कुठून आणते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मला झुमुरने केलं, पंधरा-सोळाची असताना. गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःच्या नवऱ्यासाठी. आमच्याकडे नवरदेवाचा टोपोर मुलीकडूनच जातो.

"अगं, कुणाच्या मापाने करतेयस?" सुबलाने विचारलं.

"तो येईल ना, त्याच्या!"

मी काय, फुगलोच.

चार-पाच वर्षांनी आला तो तपन. खताच्या दुकानात कामाला, अंगाने काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा आणि डोकं एवढंसं! "आण इकडे, दोन बोटं कमी करून देते," सुबला म्हणाली. "हात लावायचा नाही त्याला!" झुमुर कडाडली.

लग्नात मामांनी तिला पाटावर बसवून उचललं. तोंडावर तिने विड्याची पानं धरलेली. पानं बाजूला करायची आणि नवऱ्याला पहिल्यांदा डोळे भरून बघायचं. तिने ती बाजूला केली आणि नेमका तेव्हाच मी घसरून तपनच्या नाकापर्यंत आलो. बायका खो खो हसल्या, "अगं बाई, नवरा गेला कुठे?" झुमुर तेवढी हसली नाही. चूक माझी, तिची, की त्या डोक्याची? देवाशप्पथ, मला ठरवता येईना.

तपन वाईट नाही, हीच तर पंचाईत. पीत नाही, हात उचलत नाही. संध्याकाळी येतो, मासे साफ करून देतो, "मीठ बरोबर पडलंय" म्हणतो आणि रेडिओ ऐकत झोपतो. झुमुर मात्र दारात उभी राहून रस्त्याकडे बघते. तो घरात असतानाही. मग वाट कुणाची बघते? घरात राक्षस असता तर सोडवायचं कुणापासून, हे तरी कळलं असतं.

आज तिने गाठोडं बांधलं. नेमका तपन जेवायला घरी आला.

"माहेरी?"

"हो."

"येणार कधी?"

"बहुतेक नाही येणार."

तो खाटेवर बसला. "मी काय केलं गं?"

"काहीच नाही केलंत! तेच तर!" तिला रडूच फुटलं. "मला वाटायचं, कुणीतरी येईल आणि…" तिने माझ्याकडे बोट केलं. मी गांगरलो.

तपनने चष्मा पुसला. "हा ज्याच्यासाठी केलास, त्याची गोष्ट सांग ना मला. आई लवकर गेली माझी. मला कुणी गोष्टी सांगितल्याच नाहीत. तो काय करतो, मला खरंच ठाऊक नाही."

झुमुर गाठोड्यावरच बसली आणि सांगू लागली. समुद्र झाले, राक्षस मेला, राजकन्या जागी झाली. तपन मांडी घालून ऐकत होता. लग्न लागलं आणि ती थांबली.

"मग?"

"मग काय?"

"दुसऱ्या दिवशी काय झालं?"

झुमुर गाठोड्याची गाठ चाचपू लागली. "मा इथेच थांबायची."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"नाही."

तपन उठला. "बरं. मी भात टाकतो, तोवर तू आठवून बघ."

माहेरची बस हॉर्न वाजवत निघून गेली. झुमुरने मान वर केली नाही. गाठोडंही सोडलेलं नाही. ती राहतेय की जातेय, मला काही म्हणजे काही समजत नाहीये.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला ही गोष्ट पुढे ठाऊक असेल तर हात जोडतो, सांगा. भात अजून शिजतोय. जरा मोठ्याने सांगा, म्हणजे चुलीपाशी बसलेल्यालाही ऐकू जाईल.