खालची चिठ्ठी

मी माश्यांवर काम करते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग मध मिळत असेल की भरपूर!" पूर्वी मी समजावून सांगायचे. आता नुसतं "हो" म्हणते आणि विषय संपवते. आमच्या माश्यांना पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. एकेक मादी एकटीच जमिनीत बीळ खणते, परागाचा गोळा करून त्यावर अंडं घालते, तोंड लिंपते आणि पुढचं बीळ खणायला जाते. पिल्लांचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळत नाही. अशा एकांड्या रानमाश्यांच्या जाती ओळखायच्या आणि कुठली कुठे सापडते ते नकाशावर ठिपक्यांनी मांडायचं, हे माझं काम. माझ्याआधी ते बाबांचं होतं.

याच खोलीत, याच सूक्ष्मदर्शकापाशी ते बसायचे. खुर्ची सोडली ती डोळ्यांमुळे. नजरेच्या मधोमध एक डाग पडला आणि तो सावकाश पसरत गेला. इतका सावकाश की बरीच वर्षं त्यांच्याही लक्षात आलं नाही. आता ते माझ्याकडे राहतात. चहाचा कप चाचपून उचलतात आणि मी घरी पाऊल टाकलं की विचारतात, "काय म्हणतेय टकली?"

टकली ही बाबांची लाडकी माशी. पाठ काळी, गुळगुळीत, औषधाला केस नाही. तिची चुलत बहीण झिपरी दिसायला थेट तशीच, फक्त पाठीवर दाट तपकिरी केस. झिपरी कुठेही मिळते. टकली मिळत नाही. बाबांना तरुणपणी मातीच्या एका उतारावर एकच मिळाली होती. मग कित्येक वर्षं काही नाही. आणि नोकरीच्या शेवटी शेवटी मात्र त्यांना त्याच उतारावर, नदीकाठी, जुन्या खाणीपाशी टकल्या मिळत गेल्या. आई तेव्हा त्यांच्या टकलावरून हात फिरवून म्हणायची, "आपल्या जातीचं कोणी भेटलं की माणूस खुलतो, नाही का?" बाबा खरंच खुलले होते. आई गेल्यावर त्यांना उभं केलं ते या टकल्यांनीच.

आमच्या नकाशावर अलीकडे सापडलेल्या माशीचा ठिपका भरीव असतो. फार पूर्वी सापडली आणि नंतर दिसली नाही, तर पोकळ गोल. टकलीचे ठिपके सगळे भरीव होते आणि सगळे बाबांचे.

नकाशा छापायला जाण्याआधी प्रत्येक ठिपक्यामागची माशी पुन्हा तपासायची असते. मी बाबांचा खण उघडला आणि शेवटच्या वर्षांतली एक टकली भिंगाखाली घेतली. पंखांच्या कडा फाटक्या होत्या. दुसरीच्याही. तिसरीच्याही.

"आधी पंखांच्या कडा बघायच्या," हे मला बाबांनीच शिकवलं. "माशीला वय लपवता येत नाही." बिळातून आत-बाहेर करून करून पंख फाटतात आणि पाठीवरचे केस घासून जातात. पण केस गेले तरी त्यांच्या मुळाशी असलेले बारीक खळगे राहतात. मी प्रकाश तिरपा केला. पाठभर खळगे होते. या टकल्या नव्हत्याच. म्हाताऱ्या झालेल्या झिपऱ्या होत्या. तरुणपणी मिळालेली ती एकच खरी, अखंड पंखांची, आरशासारख्या पाठीची.

मला रडू आलं नाही, राग आला. नवशिक्यानं करावी अशी चूक! मग आठवलं, त्या वर्षांत भिंगाखाली बाबांना मधलं काही दिसतच नसणार. खळगे कुठून दिसणार? आणि जे दिसत नव्हतं तिथे त्यांनी आपल्या मनातलं पाहिलं.

विभागप्रमुख बाईंना सांगितलं. त्या बाबांच्याच हाताखाली तयार झालेल्या. बराच वेळ पेनचं टोपण उघड-बंद करत राहिल्या. म्हणाल्या, "राहू दे गं. जाऊ देत ठिपके आहेत तसे. या वयात त्यांचं मन कशाला मोडतेस? कोण बघायला बसलंय?"

मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू! पण टकली आहे म्हणून सगळे निर्धास्त राहिले, तर तिला शोधायला कोणी जाणार नाही. ती शेवटचा श्वास घेत असली तरी आमचा नकाशा सांगत राहील, सगळं ठीक आहे.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणतेय टकली?"

मी चप्पलही न काढता सांगून टाकलं. थांबले असते तर शब्द फुटले नसते.

ते म्हणाले, "पंख?"

"फाटके."

"सगळ्यांचे?"

"तुमची ती तरुणपणची पहिली सोडून सगळ्यांचे. आणि खळगे आहेत, बाबा."

ते कप बशीत ठेवायला गेले, तो बशीच्या बाहेर टेकला. मी सरळ केला नाही.

"तुमच्या चिठ्ठ्या मी काढून टाकते," मी म्हणाले. "नव्या लावते. कोणाला काही कळायचं नाही."

इतके चिडलेले बाबा मी लहानपणापासून पाहिले नव्हते. "हे शिकवलं मी तुला?"

आमच्यात प्रत्येक माशीच्या टाचणीवर, माशीच्या खाली, कागदाच्या इवल्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात. एकीवर ठिकाण आणि तारीख. तिच्याखाली जातीचं नाव आणि ते ठरवणाऱ्याचं नाव. पुढे कोणाला ती जात चुकीची वाटली तर त्यानं आपली चिठ्ठी त्याखाली लावायची. आधीची काढायची नाही, कधीच नाही. कोणी काय पाहिलं आणि कुठे चुकलं, सगळं त्या टाचणीवर राहतं.

"मला उद्या घेऊन चल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या हाताला धरून जिना चढले. बाई दारापर्यंत आल्या, "सर" म्हणाल्या आणि वाटेतून बाजूला झाल्या. बाबांनी त्यांच्या दिशेनं मान हलवली आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसले. मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

"तुम्हीच दुरुस्त केली असं लिहू का?" मी विचारलं. "चूक तुम्हीच सुधारलीत असं होईल."

"मी पाहिलंय का?"

"नाही."

"मग? ज्यानं पाहिलं त्याचं नाव."

मी माझं नाव लिहिलं. दोन चिठ्ठ्या वाया गेल्या. तिसरी पूर्ण झाली तेव्हा बाबांनी हात पुढे केला. "ठोकळा दे."

चिठ्ठ्या टाचणीवर नेमक्या उंचीवर बसाव्यात म्हणून आमच्याकडे पायऱ्यांचा एक लाकडी ठोकळा असतो, प्रत्येक पायरीला छिद्र. बाबांनी त्याच्या पायऱ्या अंगठ्यानं मोजल्या, सगळ्यात खालच्या पायरीवर माझी चिठ्ठी ठेवली आणि टाचणी तिच्यातून सरळ खाली दाबली. माशीचा एक पायही हलला नाही. मी पुढची दिली. मग त्यापुढची. एकेका टाचणीवर स्वतःच्या नावाखाली ते माझं नाव चढवत गेले. मला समोरचं दिसेनासं झालं, आणि माझे डोळे तर चांगले आहेत.

शेवटी ती पहिली माशी राहिली. "हिला काही लावायचं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. ही टकलीच आहे."

"नकाशावर?"

"पोकळ गोल, बाबा. एकच."

त्यांनी ती टाचणी बोटांत धरून ठेवली. मग चाचपत खणात टोचली आणि म्हणाले, "पोकळ म्हणजे मेली असं नाही. कोणी पाहिली नाही, एवढंच." त्यांनी माझा हात शोधला. "तू बघ."