नाबाद मन्याची बॅट

मित्रांनो, खारबावजवळच्या एका गावात, तरे यांच्या घरी, पुढच्या खोलीत काचेची एक पेटी होती. तिच्यात हार घालून उभी केलेली जुनी बॅट म्हणजे मी. पाहुणे आले की आधी मला नमस्कार करायचे आणि मग चहाला हात लावायचे. तुम्ही म्हणाल, काय नशीब काढलं हिने! पण सुगरणीला चुलीजवळ येऊ न देता नुसतं पाटावर बसवून ठेवलं, तर तिला बरं वाटेल का? माझं तसंच झालं होतं.

माझं लाकूड दूरच्या थंड मुलखातलं. कारखान्यात मला कापलं, तासलं, यंत्राखाली घालून दाबलं. तो दाब आठवला की अजून अंग ठणकतं. मग वेताची मूठ बसवली आणि भिवंडीच्या एका दुकानात नेऊन टांगलं. तिथे एक दिवस मनोज तरे आला. त्याने एकेक बॅट हातात घेतली, चेंडू टपटप आपटून पाहिला आणि नाक मुरडून परत ठेवली. मला मात्र एकदाच तोललं. बाकीच्यांकडे त्याने पुन्हा वळूनही पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, मी तेव्हाच त्याची झाले.

मनोजच्या घरी कापड विणायचे लूम होते. शिफ्ट संपली की तो मला काखेत मारून निघायचा. भात कापलेल्या शेतात खेळपट्टी चोपून तयार असायची आणि टेनिसच्या चेंडूवर सामने रंगायचे. आमच्याकडे ही काही पोरखेळाची गोष्ट नाही बरं का! गावोगावचे संघ येतात, मांडव उभा राहतो, कर्णा लागतो, बायका घरचं काम आटोपून बांधावर येऊन बसतात. मनोज मैदानात उतरला की कर्ण्यावरून आरोळी यायची, "आला रं आला, नाबाद मन्या आला!" कारण अंतिम सामन्यात त्याला कोणी बाद केलेलंच नव्हतं. तिकडे गणेशपुरीपर्यंत लोक त्याला नावाने ओळखत. त्या नावात माझाही वाटा होता, म्हणून मीही थोडी फुगत असे.

दर खंडेनवमीला लूम बंद असायचे. मनोजची आई कमळाबाई लूमला झेंडूची माळ घालायची, कोयत्याला हळदकुंकू लावायची आणि शेवटी मलाही.

"प्वाट भरतं त्ये पन हत्यार, नि नाव काढतं त्ये पन हत्यार," ती म्हणायची. "पुजलेल्या हत्यारावर हात ठेवून खोटं बोलायचं न्हाय." आमच्या भागात हे सगळेच मानतात. म्हणून तर पंचाला काही दिसलं नाही, तर तो फलंदाजाला बॅटवर हात ठेवायला लावतो, आणि फलंदाज सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं असतं.

एका वर्षी अंतिम सामना नेमका वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या गावाशी पडला. ते मनोजच्या बायकोचं, मृणालीचं माहेर. तिचा धाकटा भाऊ सागर त्यांचा मुख्य गोलंदाज. सामन्याच्या सकाळी मृणालीने भावाशी फोनवर बोलून घेतलं आणि डोळे पुसतच ती बाहेर आली.

"त्याचा कप्तान काय बोलला म्हायतीय?" ती मनोजला म्हणाली. "भावजीला सोडलास तर उद्यापासून संघात पाय ठेवू नको. जावई म्हणून लाड करशील, असं सगळ्यांसमोर बोलला त्याला."

"खेळात कसला जावई?" मनोज हसला. पण माझ्या मुठीवरचा त्याचा हात घामेजला होता. मला ते कळलं. मुठीला सगळं कळतं.

सामना शेवटच्या षटकापर्यंत ताणला गेला. आमचा शेवटचा गडी समोर उभा, जिंकायला तीन धावा हव्या, चेंडू दोनच उरलेले आणि गोलंदाज सागर. कर्णासुद्धा गप्प झाला होता. सागर धावत आला. चेंडू टप्पा पडून किंचित बाहेर वळला. मनोजने मला पुढे केलं आणि माझ्या कडेला चेंडू चाटून गेला. अगदी केसभर. पण मला लागला, आणि मुठीतून मनोजच्या बोटांपर्यंतही पोचला. मागे यष्टिरक्षकाने झेल घेतला.

"औट!" सागरचं अख्खं गाव ओरडलं.

पंच तिसऱ्याच गावचा, बिचारा पापभीरू माणूस. त्याने मान हलवली. "मना आवाज न्हाय आला."

झालं! दोन्हीकडचे लोक बांध ओलांडून आत घुसले. कोणी स्टंप उपटले, कोणी कॉलर धरली. दगड उचललेला हात मी स्वतः पाहिला. एवढ्यात सागर गर्दीतून वाट काढत मनोजसमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज मुळीच चढलेला नव्हता.

"दाजी, पुजलेली बॅट हाय ती. तिच्यावर हात ठेवून सांगा. लागला?"

सगळे जागच्या जागी थांबले. मनोजने गर्दीकडे पाहिलं. त्याचं गाव त्याच्याकडे आशेने बघत होतं. एवढ्या वर्षांत या स्पर्धेचा चषक एकदाही घरी आला नव्हता. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांग रे बाबा, लागला म्हण! पण लाकडाला कुठली वाचा? मनोजने माझ्या पात्यावर तळहात ठेवला. तो गार पडला होता.

"न्हाय लागला," तो म्हणाला.

सागरने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग गावाकडे वळून त्याने दोन्ही हात वर केले. "न्हाय लागला. शपथ झाली. चला मागं." आणि तो आपल्या जागी परत गेला. पुढच्या चेंडूवर मनोजने चौकार मारला. इतका सुंदर फटका माझ्या अंगावरून कधी गेला नव्हता, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

गुलाल उधळला, मिरवणूक निघाली, नाक्यावर बॅनर लागला. मनोजने मात्र गुडघ्याचं कारण सांगून खेळ सोडला. गावाने कौतुकाने काचेची पेटी करून दिली आणि मी तिच्यात गेले. सागरला त्याच्या कप्तानाने खरंच काढून टाकलं. भावजीला वाचवलं म्हणून त्याला येता-जाता टोमणे बसू लागले. तरी दर भाऊबीजेला तो बहिणीकडे यायचा, ओवाळून घ्यायचा आणि माझ्याकडे न बघता जेवून जायचा. मनोज त्याच्या पानात जास्तीचं वाढत राहायचा.

गेल्या भाऊबीजेला मनोजच्या मुलीने, उन्नतीने हट्ट धरला. "मामा, मला बॉलिंग टाक ना! आणि बॅट हीच पाहिजे." ती शाळेच्या संघात खेळते. कोणी नाही म्हणायच्या आत तिने पेटी उघडून मला अंगणात आणलंसुद्धा. कितीतरी वर्षांनी मला ऊन लागलं. सागरने चेंडू टाकला, उन्नतीने मला फिरवलं आणि चेंडू कडेला लागून मागे भिंतीवर गेला. ओट्यावरून कमळाबाई नातीची बाजू घेऊन म्हणाली, "न्हाय लागला, न्हाय लागला!"

"लागला गं आजी," उन्नती म्हणाली. "मला कळलं ना हाताला. मामा, मी औट." आणि तिने मला सागरच्या हातात दिलं.

दारात उभ्या असलेल्या मनोजचा चेहरा उतरला. तो पायरी उतरून खाली आला.

"सागर, त्या दिवशी पण लागलेला."

मृणालीच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"म्हायती हाय, दाजी," सागर म्हणाला. "मी आवाज आयकला व्हता."

"मंग शपथ कशाला घ्यायला लावलीस?"

सागर माझ्याकडे पाहत होता. "वाटलं, तुमी खरं सांगाल."

मनोजला रडू आवरेना. त्याने डोळे पुसले, मोटारसायकल काढली आणि सागरला मागे बसवलं. मला सागरने मांडीवर आडवं धरलं होतं. त्यांच्या गावच्या देवळापुढे कप्तान आणि चार माणसं पत्ते खेळत बसली होती. मनोजने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा थुंकला. कप्तानाने बराच वेळ पानं पिसली आणि मग सागरला सरकून बसायला जागा दिली.

आता मी दाराआड असते. उन्नती मला रोज नेते, पुसून ठेवते, ओल लागू देत नाही. माझ्या अंगावर नवे ओरखडे उठले आहेत आणि मी खुशीत आहे. मित्रांनो, आपली बॅट पेटीत कोंडू नका. तिला खेळवा, जपा, कोरडी ठेवा. आणि कोणी विश्वासाने काही विचारलं, तर खरं तेच सांगा. विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर आधीच ठाऊक असतं.