एवनच्या निळ्या मेंढ्या

आमच्या बेटावर मेंढीची मालकी दोन ठिकाणी लिहिलेली असते, एकदा पाठीवर आणि एकदा कानात. पाठीवरचा रंग दुरून ओळखण्यासाठी असतो व तो दरवर्षी लोकर कातरल्यावर नव्याने द्यावा लागतो. कानातली खूण कोकरू असतानाच कापतात. ती जन्मभर पुसली जात नाही, परंतु ती पाहावयाची तर मेंढी हातांत धरावी लागते. गायरानाचा डोंगर सर्वांचा सामाईक असल्याने सगळ्यांची जनावरे तेथे एकत्र चरतात, आणि यास्तव रंगाच्या बाबतीत आमच्याकडे कोणी खेळ करीत नाही. एवनच्या घराण्याचा रंग निळा, टॉर्किलच्या घराण्याचा लाल आणि माझ्या मोजक्या मेंढ्यांच्या पाठीवर हिरवा पट्टा. हे रंग मुळात कोणी ठरवले ते आम्हांस ठाऊक नाही. आमच्या आजोबांनाही ते तयारच मिळाले होते.

स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळे होऊन स्वतंत्र व्हावे की नाही, यावर ज्या वर्षी मतदान झाले, त्या वर्षी मात्र हा खेळ झाला.

आमच्या वस्तीत मेंढ्या राखणारी आता तीनच घरे उरली आहेत. त्यांपैकी मी रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेला, गुडघे गेलेला मनुष्य. खरा डोंगर सांभाळतात ते एवन आणि टॉर्किल. टॉर्किलची थोरली बहीण एफी ही एवनला दिलेली, त्यामुळे दोघांचे नाते थट्टेचे. मेंढ्या गोळा करण्याच्या दिवशी डोंगराची पूर्वेकडची बाजू एवनने आणि पश्चिमेकडची टॉर्किलने आपापल्या कुत्र्यांनिशी हाकायची. दोघे सारख्या चालीने खाली उतरले तरच कळप मधल्या घळीतून दगडी मेंढवाड्यात येतो. एक बाजू जरी मोकळी राहिली, तरी सगळी जनावरे त्या बाजूने डोंगरापलीकडे पसार होतात.

जून महिन्यात शेजारच्या गावच्या सभागृहात जाहीर वादसभा भरली. 'हो' म्हणणारे एक आणि 'नाही' म्हणणारे एक, असे दोन गृहस्थ फेरीबोटीने आले होते. चहा आणि स्कोन नावाचे गोड पाव यांची व्यवस्था उत्तम होती व सभागृह तुडुंब भरले होते. एवन सहसा चारचौघांत बोलत नाही, परंतु त्या दिवशी तो उभा राहिला.

"साहेब, वेगळं झाल्यावर पैसा कुठला चालवणार, ते सांगा आधी."

"पौंडच राहील," 'हो'वाले गृहस्थ म्हणाले.

"कोणाला विचारून?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा टॉर्किल मागच्या रांगेतून उठला. "दाजी, पैशाचं सोड. आपली पोरं बोटीत बसून जातात ती परत येत नाहीत. लंडनला त्याचं काय? त्यांना आपलं बेट नकाशात बोट ठेवून दाखवावं लागतं!"

यालाही तितक्याच टाळ्या पडल्या, आणि मला वाटते बऱ्याच जणांनी दोन्ही वेळा वाजवल्या. एवन पुन्हा बोलण्यास उठणार, तोच टपाल वाटणारी डॉलिना दारातून ओरडली, "एवन, तू कशाला घसा कोरडा करतोस? तुझ्या मेंढ्यांनी कधीच 'हो' म्हणून टाकलंय! सगळा डोंगर निळा करून ठेवलाय!"

स्कॉटलंडचे निशाण निळे, 'हो'वाल्यांचे फलक निळे आणि एवनच्या मेंढ्याही निळ्या. सभागृह हास्याने दणाणले. टॉर्किल तर डोळे पुसू लागला.

"हस, मेहुण्या, हस," एवन म्हणाला. "तुझ्या मेंढ्या पाठीवर लंडनच्या टपालपेटीचा रंग मिरवतात, तो नाही दिसत?"

"टपालपेटीला काही बोलायचं नाही हं!" डॉलिना म्हणाली.

परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत हे दोघे मागे बसले होते. तेथेच ठरले की येत्या कातरणीला रंग बदलावयाचे. निळा टॉर्किलने घ्यावा आणि लाल एवनने. मी म्हणालो, "अरे, घराण्याची खूण आहे. अशी बदलतात का?"

"फिनलीदादा, तुम्ही गाडी बघा," टॉर्किल म्हणाला. "समोर खड्डा आहे."

खड्डा खरोखरच होता.

जुलैमध्ये लोकर कातरून झाल्यावर दोघांनी वाड्याच्या गडग्यावरून रंगाचे डबे एकमेकांना दिले. एफी सूपाचे भांडे घेऊन आली होती. ती म्हणाली, "रंग बदलून काय होणार? कातडं तेच, डोकं तेच. मेंढ्यांचंही आणि तुमचंही." सगळे हसले. तो आमच्या वस्तीतला त्या उन्हाळ्यातला शेवटचा हसरा दिवस ठरला.

कारण पुढे ऑगस्ट आला आणि थट्टेची धार वाढत गेली. एका रविवारी प्रार्थनेनंतर एफीच्या स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे आम्ही जेवावयास बसलो असता टॉर्किल म्हणाला, "दाजी, तुझा पोरगा कॅलम क्लाइड नदीवरच्या गोदीत लंडनची जहाजं बांधतो, म्हणून तुला लंडन गोड लागतं."

एवनने पाव खाली ठेवला. "आणि तुझी पोरगी कॅनडाला गेली, म्हणून तू आता सगळ्यांच्या पोरांचं काम घालवणार?"

एफी म्हणाली, "पुरे." परंतु टॉर्किल तोवर टोपी घेऊन उभा राहिला होता. त्याच्या ताटलीतले मटण तसेच राहिले. त्यानंतर तो बहिणीच्या घरी जेवावयास आला नाही. दुकानात मात्र त्याने बोलून दाखवले की, मतदान काहीही होवो, गायरानातला आपला वाटा तो कुंपण घालून वेगळा करून घेणार. कायद्याने तसा अर्ज करता येतो. हे एवनच्या कानी गेले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "घालू दे."

माझी झोप उडाली ती या दोन शब्दांनी. देशाचे काय व्हावयाचे ते लक्षावधी लोक ठरवणार होते. परंतु आमचा डोंगर मध्येच तारेने कापला गेला, तर तो हाकणे कोणालाच शक्य होणार नव्हते, आणि तीन घरांची वस्ती तीन कुंपणे सांभाळीत बसली असती.

मतदान गुरुवारी झाले. शाळेच्या दाराशी दोघांनी मला नमस्कार केला, एकमेकांना केला नाही. मी माझे मत पेटीत टाकले आणि ते कोणते होते हे आजवर कोणास सांगितलेले नाही. शुक्रवारी सकाळी रेडिओवर निकाल आला. 'नाही'चा पक्ष जिंकला होता. टॉर्किलच्या खिडकीतला निळा फलक तसाच होता, परंतु त्या दिवशी त्याच्या धुराड्यातून धूर निघाला नाही.

दुपारी एफी माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, डोंगरावरच्या मेंढ्या गोळा करावयाच्या होत्या. रविवारी आमच्याकडे कोणी कामाला हात लावीत नाही आणि सोमवारी कोकरांना बाजारास नेणारी मालमोटार बोटीवर चढणार होती.

"फिनलीदादा, तो येईल ना उद्या?"

"येईल."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

ती माझ्या कोबीच्या वाफ्यातले तण उपटू लागली. मग म्हणाली, "हरलेल्या माणसाला बोलावणं पाठवावं, तर ते जखमेवर मीठ. न पाठवावं, तर तोच म्हणेल की विचारलं नाही. मी आपली सूप जास्त करते."

शनिवारी सकाळी धुके विरळ झाले तेव्हा मी वाड्याच्या फाटकाशी उभा होतो. एवन आपल्या कुत्रीसह पूर्वेच्या चढाला लागला. पश्चिमेकडे कोणी दिसेना. आणि तेवढ्यात वरच्या खडकांतून एक शिट्टी आली. लांबलचक, शेवटी उंच जाणारी. टॉर्किल आमच्या आधीच, कोणाशीही न बोलता, डोंगरावर चढून बसला होता. एवनने मान वर केली, क्षणभर ऐकले आणि आपल्या कुत्रीला उलट शिट्टी दिली. सबंध सकाळ ते दोघे कुत्र्यांशीच बोलत होते. परंतु एकाचा कुत्रा थांबला की दुसऱ्याची कुत्रीही थांबत असे. कळप घळीतून असा उतरला, जणू कोणी भांड्यातून दूध ओतावे. मी फाटक लावून घेतले.

आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की आम्ही काय करून बसलो होतो.

जुलैत कळप गोळा करताना बऱ्याच मेंढ्या डोंगरावरच निसटल्या होत्या. त्या दरवर्षीच निसटतात. त्यांच्या पाठीवर जुनेच रंग होते. म्हणजे वाड्यातली लाल मेंढी ही टॉर्किलची जुनी असू शकत होती किंवा एवनची नवी. आणि निळीचेही तसेच. दोघे वाड्याच्या दोन टोकांना उभे राहून समोर पाहत राहिले. मेंढ्याही त्यांच्याकडे पाहत होत्या.

शेवटी टॉर्किल म्हणाला, "कुंपण घालायचं म्हटलं, तरी आधी माझ्या मेंढ्या कोणत्या ते तर कळायला हवं!"

एवनचे खांदे हलू लागले. मला प्रथम वाटले तो संतापला आहे; परंतु तो हसत होता.

"कान," तो म्हणाला. "सगळ्यांचे कान बघावे लागणार."

"संध्याकाळच्या आत?"

"मग उद्या प्रार्थनेला मेंढ्या घेऊन येतोस?"

अशा रीतीने काम सुरू झाले. एकाने मेंढी गुडघ्यांत धरायची, दुसऱ्याने कान चाचपायचा. एवनच्या मेंढीच्या डाव्या कानाचे टोक कापलेले, टॉर्किलच्या उजव्या कानाला खाच. एकट्याने हे होत नाही, त्यामुळे त्यांची डोकी दिवसभर एकमेकांजवळ राहिली.

"माझी."

"तुझी कसली, डावा कान बघ."

"दाजी, हा डावा नाही, उजवा आहे. तू मेंढीकडून बघ, स्वतःकडून नको बघूस."

"तुझी तर तुझी. चेहराही तुझ्यासारखाच आहे."

दुपारी एफीने गडग्यावर सूप आणि ओटच्या पिठाचे कडक ओटकेक मांडले. टॉर्किलने वाडगा हातांत घेतला, तेव्हा एवन त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "फार वाईट वाटलं का रे?"

"वाटलं." टॉर्किलने एक घोट घेतला. "काल उठलोच नाही."

"मला वाटलं होतं, जिंकल्यावर मजा वाटेल. तशी काही वाटली नाही. तुझ्या धुराड्याकडेच बघत होतो."

टॉर्किलने वाडगा बहिणीपुढे केला आणि तिने तो पुन्हा भरला, काठोकाठ.

ऊन कलले तेव्हा एकच म्हातारी मेंढी उरली. तिच्या पाठीवर लाल आणि निळा एकमेकांत मिसळून दोन्ही पुसट झाले होते आणि दोन्ही कान कधीतरी तारेत अडकून फाटलेले होते. तिच्यावरून दोघांत जोराचा वाद जुंपला. कारण प्रत्येक जण ती दुसऱ्याचीच आहे असे म्हणत होता.

"मत घेऊ या," एवन म्हणाला.

"नको रे बाबा!" एफी आणि मी एकदमच म्हणालो.

"मग फिनलीदादा ठरवू देत. ते कोणाच्याच बाजूचे नाहीत," एवन म्हणाला.

"किंवा दोघांच्याही," टॉर्किल म्हणाला. "सांगतात कुठे!"

मी म्हणालो, "तिला सोडा. म्हातारी मेंढी आपलं घर जाणते. ज्याच्या रानात जाईल त्याची."

फाटक उघडले. मेंढी सावकाश बाहेर पडली, एवनच्या वाटेवर जरा थांबली, टॉर्किलच्या वाटेकडे तिने मान वळवली, आणि मग सरळ चालत जाऊन माझ्या कोबीच्या वाफ्यात शिरली. मी दुखऱ्या गुडघ्यांनी ओरडत धावलो. मागे ते दोघे गडग्याला धरून, श्वास लागेपर्यंत हसत होते. त्या हसण्यापुढे मला कोबीचे फारसे वाटले नाही.

मी परतलो तेव्हा टॉर्किल आपल्या गाडीतून निळ्या रंगाचा डबा काढीत होता. त्याने तो एवनपुढे धरला. "घे तुझा. माझा लाल दे."

"आणि कुंपण?"

"तार महाग झालीय," टॉर्किल म्हणाला. मग बहिणीकडे वळून त्याने विचारले, "उद्या जेवायला काय करणार आहेस?"

"मटण," एफी म्हणाली. "तुझं राहिलंय एक ताट."

"पण दाजी, तो निळा मी पुन्हा मागणार हं. पुढच्या मतदानाला."

"त्या आधी पुढच्या कातरणीला ये," एवन म्हणाला आणि त्याने पश्चिमेकडच्या उताराला लागलेल्या टॉर्किलच्या कुत्र्याला, सवयीने, शिट्टी दिली. कुत्राही सवयीने थांबला.