जैतुनाची पट्टी

चिठ्ठी तिच्या हातात ओलसर झाली होती, तरी अक्षर फुटलं नव्हतं — कल्लिएलाइओस — आणि फळीच्या भिंतीपलीकडे भावजय पुटपुटत होती, रोपवाटिकेची पाटी एवढीशी, तिच्यावर नावं काय सगळ्या खानदानाची लिहायची? हळूच, पण ऐकू जाईल इतपत हळू. ती कला भावजयीला उपजतच होती.

चिठ्ठी पाद्रीबाबांची. ते बायबलातल्या पौलाच्या पत्राचं भाषांतर करत होते. या ग्रीक शब्दापुढे त्यांनी 'कुलीन जैतून' असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं होतं: रानटी जैतुनाची फांदी या झाडावर जोडली, असं पौल म्हणतो, तुम्ही इतकी वर्षं कलमं बांधता, तुम्हीच सांगा, हे झाड कसलं?

कुलीन... तिला हसू आलं. रोपवाटिकेत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारायचं, जात चांगली आहे ना? — आणि आप्पा म्हणायचे, उत्तमातल्या उत्तम झाडाची बी लावा, बहुतेक रानटीच उगवेल, काटेरी, बारक्या फळाचं. चांगलेपण बियेतून येत नाही, ते कुणाच्या तरी हातून येतं. नऊ वर्षांची होती ती, जेव्हा त्यांनी कलमाचा चाकू तिच्या मुठीत दिला. धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात. त्याचं नाक थेट आप्पांचं, येणारा-जाणारा सांगायचा. तिच्या नाकाचा विषय निघाला की आईला चहा टाकायची आठवण व्हायची.

आता आप्पा नव्हते. भाऊ नोकरी सोडून घरी आला होता, आणि नवी पाटी रंगत होती.

ती रोपांच्या रांगेत शिरली. एका रोपाच्या कलमाला बांधलेली पट्टी सोडायची राहून गेली होती — तिच्याच हातची चूक — जोडाच्या वर-खाली खोड सुजलेलं, पट्टी सालीत रुतलेली. जोड धरेपर्यंत पट्टी राखते, आप्पा म्हणायचे, मग तीच गळा आवळते. तिनं चाकूच्या टोकानं ती कापली. वळ राहिला. रोप उभंच होतं.

चिठ्ठीच्या पाठीवर तिनं लिहिलं: कुलीन खोडा. लागवडीचं, निगराणीतलं जैतून. आणि आम्ही रानटी खोडावर चांगली फांदी बांधतो; पौलानं मुद्दाम उलटं सांगितलं असेल, तर त्याला माझा नमस्कार.

ती बाहेर पाटीपाशी आली. रंगाऱ्यानं विचारलं, एक नाव की दोघा भावंडांची? भाऊ रंगाच्या डब्यात बघू लागला. आई चष्मा शोधू लागली. तो तिच्या कपाळावरच होता.

"ताई, उगाच लोकांना प्रश्न पडतात," भाऊ म्हणाला.

"कसले?"

"ताई समजूतदार आहेत," भावजय मध्येच म्हणाली.

समजूतदार... बेचाळीस वर्षं मी समजूत घालत आले, आईची, भावाची, आरशाची. आणि कुणी एकदा तरी माझ्याशी...

"मला चार वर्षांची असताना या घरात आणलं," ती रंगाऱ्याला म्हणाली, आवाज न चढवता. "मी यांच्या पोटची नाही. आप्पांची मुलगी आहे. दोन नावं लिहा."

रंगारी भावाकडे बघत राहिला. ती मात्र स्वतःच्याच आत कान देऊन उभी होती — काही तुटतंय का... जिथं तुटेल म्हणून जन्मभर जपलं, तिथं नुसता मोकळा वारा लागत होता.