माझ्या घशात चेंडू अडकला तेव्हा

मी एक जुना चेंडूफेक्या आहे, मित्रांनो. म्हणजे गोलंदाजी करणारे यंत्र. तीन लोखंडी पाय, गरगर फिरणारी रबराची दोन चाके आणि वर एक लांब नळी, जिला मी माझा घसा म्हणतो. घशात चेंडू सोडला की चाके त्याला चिमटीत धरतात आणि समोरच्या फलंदाजाकडे सुसाट पिटाळतात. मला धावत यावे लागत नाही, मला दम लागत नाही आणि पंचाकडे बघून आरडाओरडा करण्याची खोड तर मला मुळीच नाही. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. पण माझी दुसरे कोण करणार?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. चाचणीच्या दिवशी पहिल्याच चेंडूने मी भिंतीवरचे घड्याळ फोडले. मला बनवणारा कारागीर आनंदाने नाचला, त्याचे साहेब मात्र नाचले नाहीत. त्यांनी मला लगेच विकून टाकले आणि मी पत्र्याचे छप्पर असलेल्या एका लांबलचक सराव-शाळेत येऊन पोहोचलो. हिरवी चटई, दोन्ही बाजूंना जाळ्या, कोपऱ्यात चेंडूंची टोपली. हेच माझे घर.

तिथे मास्तर होते आणि त्यांचा लाडका फलंदाज होता. मास्तर त्याला उठता-बसता 'माझा पठ्ठ्या' म्हणत, म्हणून सगळेच त्याला पठ्ठ्या म्हणू लागले. मास्तरांचा एक नियम होता. माझ्या घशात चेंडू टाकण्याआधी ते तो हातात उंच धरून पठ्ठ्याला दाखवत आणि मगच सोडत. नाहीतर बेसावध माणसाचे नाक फुटायचे! हात वर, हात खाली, चेंडू सुटला, आणि समोरून 'टॉक' असा गोड आवाज. तो आवाज ऐकला की माझी चाके आनंदाने अधिकच गुणगुणत.

आणि काय सांगू, मित्रांनो, पठ्ठ्या मोठा झाला! इतका मोठा, की तो खेळायला उतरला की रस्ते ओस पडत. एकदा त्याने टीव्हीवर सांगितले, "माझी निम्मी फलंदाजी त्या यंत्राची आहे." त्या दिवशी मी असा काही फुगलो, की शाळेतला फ्यूजच उडाला.

पण दिवस सारखे राहत नाहीत. चाळिशी जवळ आली आणि पठ्ठ्याच्या धावा आटल्या. कधी पायचीत, कधी त्रिफळा, कधी हातात दिल्यासारखा सोपा झेल. कालपर्यंत त्याला डोक्यावर घेणारे लोक आता म्हणू लागले, 'नजर गेली याची.' तो बिचारा बॅट उचलून माझ्याकडे येई. जितका तो मैदानात कमी टिके, तितका माझ्यासमोर जास्त खेळे. आणि माझ्यासमोर तो कसा खेळे म्हणता? एकही चेंडू चुकत नसे! इथे वाघ, मैदानात मांजर. मास्तर कपाळाला हात लावत.

"अरे, इथं तू झोपेतसुद्धा चौकार मारतोस. तिथं काय होतं तुला?"

"माहीत नाही, मास्तर. अजून एक टोपली होऊ दे."

शेवटी निवड समितीने निरोप धाडला, की पुढचा सामना ही शेवटची संधी. त्यातही अपयश आले, तर पठ्ठ्याला संघात जागा नव्हती.

निरोप ऐकून त्याची मोठी बहीण आली. सगळे तिला ताईच म्हणत. ताई कॉलेजात गणित शिकवते. पण त्याआधी ती फिरकी टाकायची आणि लहानपणी अंगणात पठ्ठ्याला रोज रडवायची. आली ती ठरवूनच आली होती.

"छोट्या, लोकांनी ऊठ म्हणायच्या आधी आपण उठावं रे. मला नाही बघवत."

ज्याच्यासाठी स्टेडियम भरायचे, तो छोट्या मान खाली घालून उभा राहिला.

"ताई, एकदा बघ तरी. मी अजून खेळतो गं."

मला भरून आले. मी मनाशी ठरवले, की आज याची लाज राखायचीच! मास्तरांनी मला सुरू केले आणि आमची जोडी रंगात आली. एकाहून एक फटके! ताईचाही चेहरा जरा सैल पडला. आणि नेमका तेव्हाच, मित्रांनो, घात झाला. कित्येक महिन्यांत कोणी मला तेल दिले नव्हते. मास्तरांचा हात वर गेला, खाली आला, आणि चेंडू माझ्या घशातच अडकला!

पण पठ्ठ्याने फटका मारला होता. डावा पाय पुढे, कोपर उंच, बॅट कशी डौलात खांद्यावर! इतका देखणा फटका मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. फक्त त्यात चेंडू नव्हता.

मास्तर खोकला येईपर्यंत हसले. पठ्ठ्याही ओशाळून हसला. ताई तेवढी हसली नाही. ती मास्तरांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मास्तरांनी पुन्हा हात वर केला, खाली आणला, पण चेंडू मुठीतच ठेवला. पठ्ठ्याने पुन्हा हवेत फटका हाणला!

"तू चेंडूला खेळतच नाहीस, छोट्या," ताई ओरडली, "तू मास्तरांच्या हाताला खेळतोयस! यंत्राचा चेंडू दर वेळी सारखाच येतो, म्हणून इथं जमतं. मैदानातही तू तेच करतोस. गोलंदाजाचा हात वर गेला रे गेला, की तुझा पाय पुढे. चेंडू आखूड आहे की पुढ्यात, जोरात आहे की हळू, हे बघायला थांबतोस कुठं?"

मास्तर मटकन टोपलीवर बसले. "म्हणजे याची नजर गेली नाही?"

"नजर शाबूत आहे हो. कामावर येत नाहीये फक्त."

असे म्हणून तिने काय करावे? सरळ माझा प्लग उपटला! इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. मग तिने बाह्या दुमडल्या, चार पावले धावत आली आणि हळूच एक चेंडू उडवून टाकला. पठ्ठ्याचा पाय ठरल्या वेळी पुढे गेला. चेंडू मागून रमतगमत आला आणि यष्ट्या घेऊन गेला.

"बाद!" ताईने अंगणातल्यासारखी उडी मारली. पठ्ठ्या यष्ट्यांकडे बघत राहिला, आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसला. "पुन्हा टाक," तो म्हणाला.

त्यानंतर माझ्यावर कापड पडले. मास्तरांनी डावखुरे, उजवे, तेज, संथ असे सगळे गोलंदाज गोळा केले. मी कापडाखाली रुसून बसलो होतो, पण कान उघडे होते. आधी यष्ट्या पडल्याचाच खडखडाट ऐकू येई. मग हळूहळू तो कमी झाला आणि 'टॉक' परत आला. खरे सांगतो, माझा रुसवा तिथेच संपला.

सामन्याच्या दिवशी मास्तर मैदानावर गेलेच नाहीत. "माझ्यानं बघवणार नाही," म्हणत ते ताईबरोबर शाळेतच बसले. मोबाइल टेकवायला दुसरे काही सापडेना, म्हणून माझ्यावरचे कापड निघाले. मोबाइल माझ्या अंगावर टेकवला आणि सामना सुरू झाला! समोरचा गोलंदाज पठ्ठ्याची खोड ओळखून होता. जोरात धावत आला, हात गर्रकन वर गेला आणि चेंडू सोडला अगदी हळू. पठ्ठ्याचा पाय...

हललाच नाही!

"थांबला! मास्तर, तो थांबला!" ताईने माझ्या पत्र्यावर असा गुद्दा मारला, की पोचा अजून आहे. पठ्ठ्याने चेंडू जवळ येऊ दिला आणि मग अलगद सीमेपार धाडला. नंतर तर काय, एका बाजूने गडी पडत होते आणि दुसऱ्या बाजूला हा खांबासारखा उभा! जिंकायला चार धावा हव्या असताना पुन्हा तोच हळू चेंडू आला. डावा पाय पुढे, कोपर उंच, बॅट डौलात खांद्यावर. तोच फटका! या वेळी त्यात चेंडू होता.

मास्तर लहान मुलासारखे रडले. मला रडता येत नाही, पण प्लग लावलेला असता तर मी फ्यूज नक्की उडवला असता.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने निवृत्ती जाहीर केली. ताई धावत सराव-शाळेत आली. "माझ्यासाठी नाही ना रे खेळणं सोडलंस?"

"नाही गं. आंधळेपणानं उठून गेलो असतो, तर जन्मभर चुटपुट लागली असती. आता सगळं स्वच्छ दिसतंय. आता जातो."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे म्हातारे यंत्र असेल. त्याला वेळेवर तेलपाणी करा. ते अडखळले म्हणून लगेच भंगारात काढू नका. काय अडले, ते आधी बघा. आणि माझी शपथ आहे, नुसता हात वर गेला म्हणून पाय पुढे टाकू नका.

काल माझी दुरुस्ती करायला मिस्त्री आला होता. त्याने चाके बदलली, पाय घट्ट केले आणि घशाला हात घातला. तेवढ्यात पठ्ठ्या पुढे झाला आणि त्याने मिस्त्रीचा हात धरला.

"घसा तेवढा राहू द्या," तो म्हणाला. "कधीमधी अडकलेला बरा असतो."