पोस्टरवरचा भाऊ

ताईच्या शिवणकामाच्या दुकानासमोरच्या भिंतीवर तिचा थोरला भाऊ दरवर्षी नव्याने चिकटवला जायचा. स्फोट झाला त्या वर्षी पोस्टरवर तो बराचसा स्वतःसारखाच दिसत होता. पण फरारी माणूस इतकी वर्षं एकाच तोंडाने कसा फिरेल, असं म्हणून पोलिसांचा चित्रकार दर खेपेला त्याच्यात भर घालायचा. आधी दाढी आली, मग ती छातीवर उतरली, मग डोळे लाल झाले, आणि गेल्या वेळी तर गालावर एक व्रणही उगवला. "मेल्या, आमच्या घरात कुणाला धड मिशी फुटली नाही," ताई त्या चित्रकाराच्या नावाने करवादायची आणि दुकानाचं शटर वर ढकलायची.

स्फोट बॉम्बचा होता की सिलिंडरचा, यावर तज्ज्ञांची अजून जुंपलेलीच होती. माणसं मात्र खरोखर मेली होती, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी आत जायलाच हवं होतं. जळकी पिशवी सापडली ती ताईच्या दुकानात शिवलेली. आता अर्ध्या वस्तीच्या हातात तसल्याच पिशव्या होत्या, पण अर्धी वस्ती कोण आत टाकणार? म्हणून धाकटा भाऊ आत गेला. अख्खा निकाल एका वाक्यावर उभा होता: थोरल्याने पिशवी दिली आणि धाकट्याने ती नेऊन ठेवली. ज्या साहेबांनी हे वाक्य शोधून काढलं, त्यांना बढती मिळाली. बढतीची फीत लावायला त्यांनी वर्दी ताईकडेच धाडली, त्या भागात दुसरं दुकान नव्हतं ना. ताईने ती शिवली. सुई बोटात घुसली, पण फीत तसूभर वाकडी लागू दिली नाही.

आणि एका सकाळी थोरला दुकानात येऊन उभा राहिला. परगावच्या बेकरीत राबून गोल झालेला, डोक्यावर केस नाहीत, गाल गुळगुळीत. ताईने आधी विचारलं, "माप द्यायचंय का?" मग ओळखलं, आणि रडण्याआधी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"आता आलास होय? तो तिकडे तुझ्या नावाने सडतोय."

"घाबरलो होतो गं, म्हणून पळालो. पण धाकट्याचे वकील म्हणतात, मी हजर झालो तर धाकटा सुटेल. त्या दिवशी मी कुठे होतो, ते एका माणसाला पक्कं ठाऊक आहे."

त्या दिवशी थोरला पोलिसांच्या मैदानावर होता. बँडवाल्यांच्या वर्द्या सैल-घट्ट करायला त्याला मशीनसकट बोलावलं होतं. भर संचलनात सलामी देताना साहेबांची पँट मागून उसवली. तिकडे धमाका झाला तेव्हा इकडे साहेब टॉवेल गुंडाळून तंबूत उभे होते आणि थोरला त्यांची पँट शिवत होता. एवढा वजनदार साक्षीदार कुणाच्या नशिबी असतो? फक्त त्यांनी कोर्टात टॉवेलचा विषय काढायला हवा होता.

ताई थोरल्याला हाताला धरून ठाण्यात घेऊन गेली. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, थोरल्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं.

"हा तो नाही," ते म्हणाले.

"साहेब, मीच तो. तुमची पँट..."

"कसली पँट?" साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दाढी कुठाय? व्रण कुठाय? उद्या कुणीही उठून फरारी व्हायचं म्हणेल. खात्याने काय करायचं?"

"मी सख्खी बहीण सांगतेय ना."

"बहीण काय, काहीही सांगेल. कागदपत्रं दाखवा."

"कागदपत्रं तुम्हीच जप्त केलीत."

"मग प्रश्नच मिटला," म्हणत साहेबांनी कप पुन्हा उचलला. "बाई, चांगल्या घरचा दिसतोय हा. घरी न्या. तुमचा भाऊ सापडला की आधी तुम्हालाच कळवू."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "दाढी पाहिजे ना त्यांना? वाढव," ती घरी येऊन म्हणाली. "व्रणाचं बघू, कात्री आहे माझ्याकडे." बिचारा थोरला दुकानाच्या मागच्या खोलीत दाढी वाढवत बसला. चार केस इकडे, चार तिकडे. ताई रोज हनुवटी धरून बघायची आणि उसासा टाकायची.

ती दाढी धड हनुवटीखाली पोचली नाही तोच फरारी सापडला. बाजारात झाडू विकत फिरणारा एकटा माणूस. छातीवर दाढी, धुळीने लाल झालेले डोळे, गालावर कुत्रा चावल्याचा व्रण. चित्रकाराचा सत्कार झाला. साहेबांच्या ताब्यात गेल्यावर झाडूवाल्याने सगळं कबूल केलं, पिशवी आपणच दिली आणि धाकटा आपला सख्खा भाऊ आहे. वकिलांनी कपाळाला हात लावला. "आता एकच आशा," ते ताईला म्हणाले. "हा कोर्टात घरच्या गोष्टी सांगताना चुकला पाहिजे. साधं वडलांचं नाव चुकला तरी केस ढासळेल."

साहेबांची वर्दी नव्या फितीसाठी पुन्हा दुकानात आली होती. ताईने ती खुंटीलाच राहू दिली.

भेटीच्या दिवशी ती तुरुंगात गेली. शिपायाने जाळीपलीकडे दोघांना आणून बसवलं. "हे तुमचे दोन्ही भाऊ," तो म्हणाला आणि जांभई देत लांब जाऊन उभा राहिला. झाडूवाल्यासाठी ताईने वाटभर शिव्या जमवून आणल्या होत्या. पण त्याने जाळीला बोटं लावली, तर बोटांना नखंच नव्हती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "उद्या कोर्टात उभं करणार आहेत. आपल्या वडलांचं नाव काय, तेवढं सांगा. मी सारखा विसरतो. विसरलो की मारतात."

ताईने ओठ घट्ट मिटले. एक नाव गिळायचं होतं, बस्स. तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याला वकिलांचं म्हणणं ठाऊक होतं, आणि ते तिला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याने झाडूवाल्याच्या बोटांकडे पाहिलं.

"सांग त्याला," शेवटी धाकटा म्हणाला. "माझ्याच कोठडीत असतो गं. झोपेतसुद्धा विव्हळतो."

ताईने सांगितलं. झाडूवाल्याने नीट पाठ होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, आणि एका ठिकाणी अडला तेव्हा धाकट्यानेच त्याला आठवण करून दिली.