आधी पोटावर झोपा

जरा पाय उचला. हां. ज्याच्यावर तुम्ही उभे आहात तो मी, या ऑफिसातला निळा गालिचा, बोलतोय.

दुकानात गुंडाळून उभा होतो तेव्हा एखाद्या बड्या हॉटेलात लोळत पडायची स्वप्नं बघायचो. या ऑफिसच्या ताईंनी मला घेतलं ते माझी लांबी बघून. "माणूस आडवा मावेल ना?" त्यांनी विचारलं. दुकानदार चपापला. मीही.

ताई लोकांना उष्ण समुद्रातल्या बेटांवर सर्फिंगला पाठवतात, म्हणजे फळीवर पोटावर झोपायचं आणि लाट आली की तिच्यावर उभं राहायचं. कोणाला कुठलं बेट, हे त्या माझ्यावर ठरवतात. कारण खुर्चीत बसून बोलताना सगळेच लाटांचे राजे असतात. ताई ऐकून घेतात आणि म्हणतात, "छान. आता पोटावर झोपा. लाट आली समजा. उठा!"

जो टेबलाचा पाय धरून उठतो, त्याला वाळूच्या तळाचं बेट. तिथे पडलं तर नाकातोंडात वाळू जाते, एवढंच. उठून जो हात झाडत तोल सावरतो, त्याला लांब, संथ लाटांचं. आणि मांजरासारखा एका झेपेत जो दोन्ही पायांवर येतो, त्यालाच प्रवाळाचं बेट. तिथली लाट देखणी, पण खालचा खडक सुरीसारखा.

माझ्यावर किती पोटं आत ओढली गेलीत, किती खिशांतल्या किल्ल्या मला टोचल्यात! पण तळहात टेकले की मला माणूस कळतो.

परवा एक बेकरीवाले आले, लेकीला घेऊन. लेक लवकरच दूरदेशी नोकरीला जाणार. त्याआधीची ही दोघांची सुट्टी. पुढची कधी, कोणालाच ठाऊक नाही.

लेक आधी झोपली. धडपडत, गुडघ्यांवर रांगत उठली. "मला नाही हो येत फारसं. सोपं बेट द्या." पण तिचे तळहात छातीशी नेमके पडले होते. असे हात शिकाऊ माणसाचे नसतात.

मग वडील. धपकन पडले आणि एका उडीत उभे! गुडघा कट्कन वाजला, कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला. "आम्हाला प्रवाळाचंच द्या," ते धापा टाकत म्हणाले.

"बाबा! जिना चढताना दम लागतो तुम्हाला!"

"आणि तू इतकी वर्षं त्याच बेटाचा फोटो भिंतीवर लावून बसलीयस, ते? माझ्यापायी डबक्यात डुंबणार होतीस?"

"म्हणजे या उडीचा सराव करताना पलंगाची फळी मोडली होय! आईला म्हणालात वाळवी लागली."

ताईंनी चष्मा काढून ठेवला. "परत झोपा. दोघंही. आता खरंखरं."

लेक इतकी अलगद उठली की मला जेमतेम कळलं. वडील आधी एका गुडघ्यावर आले, मग दुसऱ्या, मग "आई गं", आणि उभे राहिले ते भिंतीकडे तोंड करून. हसले आधी तेच.

ताईंनी नकाशावर बोट ठेवलं. "हे बेट बघा. आत खाडी, तळाला वाळू. बाहेर प्रवाळ, होडीने जायचं. सकाळी ही बाहेर जाईल, तुम्ही होडीतून बघायचं. दुपारी तुम्ही आत, ही शिकवेल."

"म्हणजे सुट्टीभर लेकीची बोलणी खायची?"

"पोटभर!" लेक म्हणाली.

ठरलं होतं, जायला हरकत नव्हती. पण ती खाली बसली आणि तिने वडिलांचा घोटा धरला. "गुडघा नाही, बाबा. हा पाय इथे. परत."

"अगं, कोणी बघेल."

"कोण? गालिचा?"

मी बघत होतो हो! ते पुन्हापुन्हा पडत होते, ती धरत होती. दोघांनाही घाई नव्हती. ताईंनी हळूच दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवली.

त्या बेकरीवाल्यांच्या हातांचं थोडं पीठ अजून माझ्यात आहे. माझी लव मध्यभागी झडलीय, ताई नव्या गालिच्याचं बोलतात. तेव्हा लवकर या. बढाया खुर्चीत ठेवा आणि खुशाल माझ्यावर पडा. अजून थोडा मऊ आहे मी.